सातव्या ओळीतलं एक घर

माझ्या वडलांना चोर ठरवून कामावरून काढलं तेव्हा मी सहावीत होते. त्याआधी आम्ही फार सुखात होतो असंही नाही. सोलापूरच्या पूर्व भागात एका बोळात पत्र्याची एक खोली, आणि त्यात आम्ही तिघं: नान्ना म्हणजे माझे वडील, अम्मा आणि मी. अम्मा विड्या वळायची. पहाटेपासून तिच्या मांडीवर सूप असायचं, सुपात भिजवलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. शाळेतून आले की दोरा बांधायचं काम माझं. आमच्या अंथरुणाला, भांड्यांना, माझ्या दप्तराला, सगळ्याला तंबाखूचा वास. बाकावर शेजारी बसणारी एकदा म्हणाली, "तू तंबाखू खातीस का गं?" बाईंनी माझी जागा बदलली, तिची नाही.

आमचं घरचं बोलणं तेलुगू. पण मी मराठी शाळेत शिकले, आणि इथे सगळं मराठीतच लिहिते आहे. नान्ना आणि अम्मा बाहेर जशी सोलापुरी मराठी बोलतात तीच त्यांच्या तोंडी घातली आहे.

नान्ना ग्राफ काढायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चादरीवरची नक्षी आधी कागदावर उतरते. बारीक घरांचा मोठा कागद असतो, त्यातलं एकेक घर ब्रशनं भरायचं. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठे मागावर चढवतात, आणि कुठला धागा वर उचलायचा ते भोकं मागाला सांगतात. म्हणजे चादर विणतो मागवाला, विकतो मालक, पण नक्षी असते ग्राफवाल्याची. चौथी शिकलेला माझा बाप हजारो घरं मोजत बसायचा आणि एकही चुकायचा नाही. याची जाणीव मला फार उशिरा झाली. तेव्हा मला एवढंच दिसायचं की त्यांच्या बोटांना शाई लागलेली असते आणि काम कधी असतं, कधी नसतं.

त्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते. मालकांच्या खोलीबाहेर सात-आठ माणसं गोळा झालेली. आत नान्ना उभे, आणि मालकांच्या हातात एक कॅलेंडर. परदेशात माल विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं ते आणून दाखवलं होतं आणि चादरींची ऑर्डर रद्द केली होती.

"हे बघ," मालक म्हणाले. "इंग्लंडची मोठी चित्रकार हाय ही बाई. तिचं चित्र. आणि ही तू काढलेली नक्षी. घराला घर जुळतंय. मला काय येडा समजलास?"

नान्ना म्हणाले, "मालक, ती माझीच हाय. जुनी हाय. आधीच्या कारखान्यात काढली हुती, तीच परत काढली. आमी सगळे काढतो तसं."

यात खोटं काही नव्हतं. आपली जुनी नक्षी नव्या ठिकाणी पुन्हा काढायची, हे त्या धंद्यात चालतंच. पण तो आधीचा कारखाना बंद पडून वर्षं झाली होती. त्याचे मालक वारले होते, पुठ्ठे-ग्राफ सगळं रद्दीत गेलं होतं.

"व्हय का?" मालक म्हणाले. "म्हंजी लंडनची मॅडम तुझ्या पत्र्याखाली येऊन, चहा पिऊन, नक्षी बघून गेली म्हण की."

बाहेरची माणसं हसली. त्यांच्यात आमच्या बोळातलेही दोघं होते. मालकांनी कॅलेंडर भिरकावलं. ते दारात माझ्या पायाशी पडलं. नान्ना माझ्याकडे न बघता बाहेर पडले. मी ते पान फाडून डब्याच्या पिशवीत घातलं. का घातलं, आजही नीट सांगता येणार नाही.

त्यानंतर नान्नांना कुणी ग्राफ दिला नाही. पूर्व भागात बातमी मागापेक्षा वेगानं पळते. पुढची सगळी वर्षं त्यांनी टॉवेलच्या मागावर काढली. पांढरे, साधे, नक्षी नसलेले टॉवेल. अम्मानं विड्या वाढवल्या. आणि मी कॅलेंडरचं ते पान माझ्या पुस्तकाच्या वेष्टनात दडवलं आणि नान्नांना कधीच दाखवलं नाही. कारण आता लिहूनच टाकते: मलाही शंका होती. "चोराची पोरगी" असं नळावर ऐकलं की मी भांडायचे, पण भांडून घरी आले की पुस्तकाचं वेष्टन काढून ते चित्र बघायचे आणि मनात म्हणायचे, खरंच, इंग्लंडची बाई इथलं कशाला बघेल?

आमच्या आईकडच्या आणि वडलांकडच्या दोन्ही घराण्यांत बी.ए.चा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या नावानं. त्यात मला कसली लाज वाटत नाही आणि उगाच नम्रताही दाखवायची नाही. इंग्रजी विषय घेतला. लोक म्हणायचे, इंग्रजी का? मी सांगायचे, नोकरी लागते. खरं कारण पुस्तकाच्या वेष्टनात होतं. त्या पानावर खाली बारीक अक्षरात त्या बाईचं नाव होतं, आणि मला ती बाई वाचायची होती.

मग पंधरा-वीस वर्षं मी ती वाचली. आधी सायबर कॅफेत, मग मी शिकवत होते त्या ज्युनिअर कॉलेजच्या कॉम्प्युटरवर, मग मोबाइलवर. तिच्या कारकिर्दीवर इंग्लंडात पुस्तकं लिहिणारे लोक असतील, पण मी ती जशी वाचली तशी कुणी वाचली नसेल. मी ती पोलिसासारखी वाचली.

तिची सुरुवातीची चित्रं म्हणजे नुसते चौकोन, सरळ रेषेत, काळे आणि करडे. तिची ओळख कुणाला नव्हती. समुद्राकाठच्या एका गावात भाड्याच्या खोलीत राहायची, शाळेत चित्रकला शिकवायची. मग एकदम एक मोठं चित्र आलं: काळ्या जमिनीवर पांढऱ्या चौकोनांच्या पायऱ्या, एकात एक बसवलेले शंकरपाळ्यासारखे आकार, आणि त्यातला एक चौकोन आपली जागा सोडून एक घर खाली सरकलेला. तेच माझ्या कॅलेंडरवरचं चित्र. त्या एका घसरलेल्या चौकोनानं तिचं नाव झालं. पुढच्या चाळीस वर्षांत तिनं लाल, निळे, पिवळे चौकोन केले, एका हॉस्पिटलची अख्खी भिंत केली, पत्र्यात कापलेले चौकोन केले. पण प्रत्येकात कुठेतरी एक चौकोन घसरलेला. टीकाकार त्याला तिची सही म्हणायचे. कुणी लिहिलं की तो माणसाचा एकटेपणा आहे. कुणी लिहिलं की तो शिस्तीतलं स्वातंत्र्य आहे. राजघराण्याकडून तिला किताब मिळाला, तेव्हाच्या फोटोतही तिच्या गळ्यातल्या रुमालावर एक चौकोन खाली होता.

प्रत्येक मुलाखतीत तिला विचारायचे, ही कल्पना कुठून आली? उत्तर दरवेळी तेच: "एका सकाळी माझा हात घसरला." मला ते कधी पटलं नाही. बाकी सगळ्या गोष्टींची उत्तरं ती दरवेळी थोडी वेगळी द्यायची, जशी माणसं देतात. हे एकच उत्तर शब्दाला शब्द तेच. मी अकरावीच्या पोरांचे पेपर तपासते. पाठ केलेलं उत्तर मला कळतं.

शेवटी बातमी आली की तिच्या सगळ्या आयुष्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरणार आहे. तेव्हा मी ठरवलं, आता विचारायचंच. बाईला नाही, आधी नान्नांना.

तोवर नान्ना सत्तरी ओलांडून गेले होते. काचबिंदूनं एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं उजेड आणि आकार तेवढे दिसायचे. आम्ही तेव्हा मी घेतलेल्या दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नान्ना, ती नक्षी आठवती? जिच्यावरून झालं?"

"न आठवायला काय झालं?"

"त्यात एक घर सरकलंय."

ते माझ्याकडे वळले. "तुला कसं ठाऊक?"

मग त्यांनी सांगितलं. ज्या उस्तादाकडे ते काम शिकले त्यानं त्यांना एक रीत शिकवली होती. प्रत्येक नक्षीत एक घर मुद्दाम चुकवायचं. दिसलं तर चूक वाटावी इतकं लहान. त्याला ते राखणदार म्हणायचे. सोलापुरात नक्षी चोरणं म्हणजे शेजारच्या दुकानात चादर विकत घ्यायची आणि घरं मोजायची, एवढंच. चोरणारा घाईत असतो, तो चुकीसकट उतरवतो. मग भांडण झालं की खरा ग्राफवाला पुढे येऊन सांगतो: अमुक ओळीतलं अमुक घर बघा.

"मग तेव्हा मालकांना का न्हाय सांगितलं?"

"सांगून? मालक म्हनला असता, चित्रात हाय म्हनून तुझ्यात हाय. दोगांत राखणदार असल्यावर चोर कोन ते त्यो थोडाच सांगतो."

ते खरंच होतं. पण मला वाटलं, जागा तरी विचारावी. चित्र त्यांनी तीस वर्षांपूर्वी मालकांच्या हातात लांबून पाहिलं होतं, त्यानंतर कधी नाही. म्हणजे जागा त्यांना सांगता आली तर ती त्यांच्याच डोक्यातली.

"कुटल्या ओळीत हुता?"

त्यांनी डोळे मिटले. "डावीकडनं सातवी ओळ. खालनं अकरावं घर. त्ये एक घर खाली."

मी आतल्या खोलीत गेले आणि मोबाइलवर चित्र मोठं करून मोजलं. डावीकडून सातव्या ओळीत काही नव्हतं. सगळी घरं जागच्या जागी. घसरलेला चौकोन उजवीकडे होता.

मी चार वेळा मोजलं. मग मोबाइल पालथा ठेवला.

पुढचे अकरा दिवस मी नान्नांशी नीट बोलले नाही. जेवायला वाढायचे, डोळ्यात औषध घालायचे, पण तोंडाकडे बघायचे नाही. डोक्यात एकच चाललेलं: यांनी ते चित्र तेव्हाच कुठेतरी बघितलं असणार. एखाद्या मासिकात, रद्दीच्या दुकानात. नीट लक्षात राहिलं नाही, म्हणून बाजू चुकली. मालक खरं बोलत होते. बोळ खरं बोलत होता. आणि मी एवढं शिकून इतकी वर्षं एका परक्या बाईवर पहारा ठेवला, चोर माझ्याच घरात.

एवढ्यावर थांबले नाही. जुन्या मालकांकडे गेले. कारखाना विकून ते आता मुलाच्या दुकानात गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं.

"कशी हाय तब्येत त्याची?"

"ठीक आहे. मला एकच विचारायचंय. तुम्हाला खरंच वाटलं होतं, त्यांनी चोरली म्हणून?"

ते हसले. "अगं पोरी, धंद्यात सगळेच चोरतात. मी काय दुसऱ्याच्या नक्षी विणल्या न्हाईत? तुझा बाप कामाला सोनं हुता. पर गोऱ्या लोकांचं चोरायचं म्हंजी... पचत न्हाई ते. झालं गेलं. चहा घेतीस?"

मी चहा घेतला नाही. घरी येताना रिक्षात मला कळेना की मला राग नक्की कुणाचा आलाय.

त्या दिवशी जेवताना माझ्या तोंडून निघालंच. "नान्ना, खरं सांगा. ते चित्र तुम्ही आधी बघितलं होतं की नाही?"

अम्माचा हात थांबला. विड्या तिनं कधीच सोडल्या होत्या, पण रिकामी बसली की बोटं अजून वळतात तिची. तीही थांबली.

"काय म्हनतीस तू?" नान्ना म्हणाले.

"तुम्ही डावीकडे सांगितलं. चित्रात ते उजवीकडे आहे. उजवीकडून सातवं. मी मोजलंय."

अम्मा म्हणाली, "तुला कालिजात पाठवलं ते बापाला कोर्टात हुबं करायला व्हय गं?"

नान्नांनी हातानं तिला गप्प केलं. त्यांनी चाचपत ताट बाजूला सरकवलं. मग त्यांनी विचारलं, "खालनं कितवं?"

"अकरावं."

"जमीन कुटल्या रंगाची?"

"काळी. घरं पांढरी."

"मी पांढऱ्या जमिनीवर काळी काढली हुती," ते म्हणाले, आणि हसायला लागले. मी त्यांना असं हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "उलटी अंथरली हुती की तिनं! उलट्या बाजूवरनं काढलंय."

सोलापुरी चादरीला दोन बाजू असतात आणि दोन्ही वापरता येतात. एका बाजूला पांढऱ्यावर काळं असेल तर दुसऱ्या बाजूला काळ्यावर पांढरं. आणि पालथी केली की साहजिकच डावं उजवीकडे जातं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्मापासून मी त्याच चादरी पांघरल्या, रोज सकाळी घड्या घातल्या. पण मी चित्र कागदासारखं वाचत होते, चादरीसारखं नाही.

"आणि तू गं," नान्ना म्हणाले, "सोलापूरची पोरगी ना तू? बी.ए., येम.ए. झालीस आनि चादरीची सुलटी बाजू कळंना?"

मी उठून आत गेले आणि कपाटातल्या जुन्या पुस्तकातून कॅलेंडरचं पान आणून त्यांच्या हातात दिलं. सांगितलं की हे मी इतकी वर्षं लपवलं होतं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं, खिडकीकडे धरलं, पण आता त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. डोळे चांगले होते तेव्हा दिलं असतं तर त्याच क्षणी त्यांनी ओळखलं असतं. त्यांनी पानाची घडी घालून ते मला परत दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला मेल लिहिली. छोटी. तिच्या वेबसाइटवर पत्ता होता. लिहिलं की तुमचं प्रसिद्ध चित्र म्हणजे सोलापूरच्या एका चादरीची मागची बाजू आहे. ती चादर अजून तुमच्याजवळ असेल तर उलटी करा, चौकोन डावीकडे दिसेल. आणि नान्नांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट लिहिली: त्या नक्षीत राखणदार एक नाही, दोन आहेत. दुसरा किनारीतल्या पानांच्या वेलीत आहे, कोपऱ्यापासून तिसऱ्या पानात. तो तुमच्या चित्रात नाही, कारण किनार तुम्ही काढलीच नाही.

तीन आठवडे काही नाही. मला वाटलं, वकिलाकडे गेली. अम्माला वाटलं, आता पोलीस येणार. "इंग्लंडचे पोलीस सोलापुरात येत न्हाईत, अम्मा." "चादर तिकडं पोचली तर पोलीस इकडं का येणार न्हाईत?" असं तिचं उत्तर.

मग दोन ओळी आल्या. मला दुसरा सापडला. मी तिकडे येऊ का?

ती आली तेव्हा आमच्या घरात पाहुणे आल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. चांगले कप काढायचे नाहीत, असं अम्मानं ठरवलं होतं. चहा स्टीलच्या पेल्यात दिला. बाई उंच, वाकलेली, पांढरे केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. बोलायची हळू. तिच्या पिशवीत चादर होती, विटलेली, एका कडेला रफू केलेली. ती बाहेर काढायला लागली तशी नान्नांनी आवाज चढवला.

"झाकून ठेव म्हन तिला! आत ठेव. मागनं लोक म्हनतील, बघून सांगितलं. कागद आन."

मी भाषांतर केलं. बाईंनी चादर परत पिशवीत घातली, पिशवीची चेन ओढली आणि ती स्वतःच्या मांडीवर घेतली. तिलाही आमच्यावर भरवसा नव्हता, हे मला तेव्हा दिसलं, आणि खरं सांगते, त्यामुळे ती मला थोडी बरी वाटली.

ग्राफचा कागद मी आधीच आणून ठेवला होता. नान्ना सांगत होते, मी घरं भरत होते. "पयल्या ओळीत चार सोड, दोन भर, चार सोड." आयुष्यात पहिल्यांदा मी ते काम केलं. माझा ब्रश घराबाहेर जायचा आणि त्यांना न बघताही कळायचं, कारण मी चुकले की थांबायचे. दोन दिवस लागले. मधली नक्षी आणि एका बाजूची किनार. बाई शेजारी बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

मग चादर उघडली. मी आणि ती जमिनीवर बसून एकेक ओळ जुळवली. राखणदार दोन्ही जागच्या जागी. दोन घरं मात्र जुळली नाहीत. मी सांगितलं.

"ती मागवाल्याची चूक," नान्ना म्हणाले. "माझी न्हाय."

बाईंनी विचारलं की तुम्ही तो चौकोन का सरकवला होता? चाळीस वर्षं लोक मला हेच विचारतात.

नान्ना म्हणाले, "चोर सापडावा म्हनून."

मी जसं होतं तसं सांगितलं, शब्द मऊ केला नाही. बाईंचे कान लाल झाले. ती म्हणाली, "तुमच्या वडलांना सांगा, तो चौकोन आपलं काम करतो. वेळ लागतो त्याला."

नान्ना म्हणाले, "वेळ माझा गेला, तिचा न्हाय. हेबी सांग."

तेही मी सांगितलं.

मग तिनं सगळं सांगितलं. समुद्राकाठच्या त्या घरात शेजारच्या खोलीत एक हिंदुस्थानी नर्स राहायची. बदली झाली तेव्हा ती चादर मागे सोडून गेली. हिवाळाभर बाई ती पांघरून झोपली, रोज सकाळी डोळे उघडले की समोर तो एक चौकोन. तिला वाटलं, विणण्यातली चूक आहे, चूक कुणाच्या मालकीची नसते. म्हणून घेतली. पुढे नाव झालं आणि मग सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मी सरळ विचारलं, "तुम्ही आलात ते मनाला लागलं म्हणून, की मी प्रदर्शनाआधी वर्तमानपत्राला लिहीन या भीतीनं?"

"दोन्ही," ती म्हणाली.

तिनं खोटं सांगितलं असतं तर मी ओळखलं असतं, असं मला वाटतं. पण खात्री नाही. आजही नाही.

जाताना तिनं एक कागद पुढे केला. प्रदर्शन भरवणाऱ्या संग्रहालयानं चित्राशेजारच्या पाटीचा मजकूर तयार केला होता. अम्मानं लगेच बजावलं, "सही करू नको." सही कुणी मागितलीच नव्हती. मी तो मजकूर तीनदा वाचला. लिहिलं होतं: सोलापूरच्या पारंपरिक विणकामातून प्रेरित.

"हे चालणार नाही," मी म्हणाले. "परंपरेनं हे काढलं नाही. एका माणसानं काढलं, तो इथे बसलाय. आणि तो विणकर नाही, ग्राफवाला आहे. आणि 'प्रेरित' नाही. 'वरून' लिहा."

ती म्हणाली, संग्रहालय ठरवेल, माझ्या हातात नाही.

"मग चित्र भिंतीवरून काढा. ते तर तुमच्या हातात आहे."

तिनं पाटीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. नान्नांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, विचार करते. आम्ही भरलेला ग्राफ तिनं गुंडाळून बरोबर नेला. त्याची झेरॉक्स मी आधीच दोन ठिकाणी ठेवली होती.

पुढे पाच महिने संग्रहालयाशी पत्रं चालली. ते "सहकार्य" म्हणायचे, मी नाही म्हणायचे. ते "अनुषंगानं" म्हणायचे, मी नाही म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलं, लेखी पुरावा काय? मी लिहिलं, लेखी पुरावा तुमच्याकडे पाठवलाय, त्यात घरं भरलेली आहेत, मोजून घ्या. एका पत्रात नान्नांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं, ते मी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं, पेपर तपासतात तसं. नान्ना दर आठवड्याला विचारायचे, "आलं का?" आणि अम्मा म्हणायची, "येत न्हाई ते. मोठी लोकं हायत ती."

प्रदर्शन उघडल्यावर चार दिवसांनी बाईंनी फोटो पाठवला. चित्र, आणि शेजारी पांढरी पाटी. मी तो फोटो मोठा छापून घेतला आणि आधी जुन्या मालकांच्या दुकानात नेऊन त्यांच्या समोर ठेवला, मग घरी आणला. मालकांनी चष्मा लावून वाचला. एवढंच म्हणाले, "राहू दे माझ्याकडं एक."

पाटीवर पहिल्या ओळीत माझ्या वडलांचं नाव आहे, पुढे 'नक्षी, सोलापूर'. दुसऱ्या ओळीत त्या बाईंचं नाव आहे, आणि लिहिलं आहे की हे चित्र त्या नक्षीवरून काढलेलं आहे. माझ्या वडलांनी चोरी केली नव्हती, हे आता छापून भिंतीवर लागलेलं आहे.